नंबर वाढवून रुंदी मिळत नाही: बायकांच्या चपला बनवताना या चुका टाळा

‘पाच नंबर चावतो आणि सहा नंबर निसटतो.’ फोंड्यात चपलांचं छोटं वर्कशॉप सुरू केल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरची बाई ‘पाच नंबर’ म्हणाली की पुढचं मला ठाऊक असतं. मग ती हळूच म्हणते, ‘माझा पायच जरा विचित्र आहे.’ या वाक्याचं मला फार वाईट वाटतं. तिचा पाय अगदी चांगला असतो. ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ती चप्पल ओढली, तो फर्मा तिच्यासारख्या पायावरून केलेला नसतो, एवढंच.

गोव्यात हल्ली बऱ्याच मुली घरून चपला-सँडल बनवतात, किंवा कारागिराकडून बनवून घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, प्रदर्शनात विकतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत आणि परत आलेल्या मालाच्या रूपाने त्यांची किंमत मोजली आहे.

रुंदी हवी म्हणून नंबर वाढवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण इंग्रजी नंबर वापरतो. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, 8.46 मिमी. युरोपियन नंबरात तो 6.67 मिमी असतो. दोन्ही मापं लांबीची आहेत. फर्मा बनवणारे एका इंग्रजी नंबरामागे चवड्याचा घेर साधारण पाव इंच, म्हणजे सहा मिमीच्या आसपास वाढवतात.

आता हिशेब करा. पाय चार नंबराच्या लांबीचा आहे, पण चवड्याचा घेर 12 मिमीने जास्त आहे. दुकानदार सहा नंबर हातात देतो. घेर मिळाला, पण त्याबरोबर 17 मिमी लांबी उगाच गळ्यात पडली. चालताना पाय बोटांच्या मुळाशी वाकतो. टाचेपासून ती जागा पायाच्या लांबीच्या साधारण 70 टक्क्यांवर असते. चप्पल 17 मिमी लांब झाली की तिची वाकायची जागा जवळजवळ 12 मिमी पुढे सरकते. पाय एकीकडे वाकतो, सोल दुसरीकडे. मग टाच फटफट उचलली जाते, चप्पल निसटू नये म्हणून बोटं दिवसभर आवळलेली राहतात आणि रात्री पोटऱ्या दुखतात. बाई म्हणते, वय झालं.

यावर उपाय दोन. भांडवल असेल तर एकाच लांबीचे दोन रुंदीचे फर्मे करून घ्या. नसेल तर लांबी आहे तीच ठेवा, तळाची पाटी चवड्याजवळ करंगळीच्या बाजूने 3-4 मिमी वाढवा आणि पट्टा त्या बेताने लांब कापा. टाचेजवळ मात्र काही वाढवू नका. पुष्कळ बायकांचा चवडा रुंद आणि टाच त्या मानाने अरुंद असते. बाईचा पाय म्हणजे लहान केलेला पुरुषाचा पाय नव्हे. पुरुषांचा फर्मा सगळीकडून सारखा बारीक केला, तर नेमकी टाच सैल आणि चवडा घट्ट अशी चप्पल तयार होते.

हे काही फक्त माझ्या गिऱ्हाइकांचं दुखणं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्री-डी स्कॅनरने मोजले. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या मापांपेक्षा रुंद असतात हे त्यात दिसलं, आणि त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. आधी वाटलं होतं की वेगवेगळ्या प्रांतांसाठी पाच तरी पद्धती लागतील; पण सगळ्या देशाला मिळून एकच पुरेल असं निघालं. मला ही फार दिलासा देणारी गोष्ट वाटते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या बाईसाठी आणि सातारच्या बाईसाठी वेगळी गणितं मांडायची गरज नाही. रुंदीचं गणित एकदा नीट मांडलं तरी पुष्कळ काम होतं.

बसलेल्या पायाचं माप घेणं

स्टुलावर बसवून, सकाळी दहा वाजता, एकाच पायाचं माप. मी पहिली दोन वर्षं असंच करत होते. उभं राहिल्यावर अंगाचा भार पडतो, तळव्याची कमान थोडी बसते, पाय लांब होतो आणि पसरतो. दुपारनंतर सूज येते ती वेगळीच. म्हणून माप संध्याकाळी घ्या, उभं करून घ्या, दोन्ही पायांचं घ्या आणि मोठ्या पायाला धरून चाला.

कागदावर पायाची रेघ मारताना पेन्सिल काटकोनात उभी हवी. हे मला आमच्या कापणीवाल्या काकांनी दाखवलं. त्यांनी माझ्याच पायाभोवती दोनदा रेघ मारली, एकदा पेन्सिल आत कलती धरून आणि एकदा सरळ. दोन रेघांच्या मध्ये करंगळीजवळ भाताचा दाणा आडवा बसेल एवढी फट होती. ‘ताई, ही फट म्हणजे बोटाला कुरूप,’ ते म्हणाले. आत कललेल्या रेघेवरून कापलेली पाटी दोन्ही बाजूंनी तेवढी अरुंद होते आणि करंगळी काठावरून खाली लोंबते. रेघ झाली की चवड्याच्या सगळ्यात रुंद जागेवर टेप गुंडाळून घेर घ्या, मग पायाच्या पाठीवरचा घेर. लांबी एकटी कधी लिहू नका.

जोडवी विसरणं

बाजारातल्या कितीतरी सँडल पाहताना वाटतं, ज्यांनी ही काढली त्यांनी लग्न झालेल्या बाईचा पाय जवळून पाहिलाच नसेल. जोडवी दुसऱ्या बोटात असतात. अंगठा आणि दुसरं बोट यांच्यामधून जाणारी वादी बरोबर त्या चांदीवर घासते. एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला तिसरं बोट, मध्ये कडक धातू. पावसात तिथे ओल अडकते आणि चिखल्या सुरू होतात.

माप घेताना ‘जोडवी काढा’ म्हणू नका. ती घातलेलीच राहू द्या. वादीची चप्पल असेल तर वादी मऊ चामड्याची, गोल वळवलेली ठेवा आणि दोन-तीन मिमी अंगठ्याकडे सरकवा. त्यापेक्षा कोल्हापुरीसारखा अंगठ्याचा वेगळा गाळा पुष्कळदा सोयीचा पडतो, कारण तो जोडव्यांच्या वाटेला जात नाही. फक्त तो अंगठ्याच्या जाडीला पुरेल एवढा सैल हवा. आडव्या पट्ट्याची पुढची कड जोडव्यांच्या मागे थांबली पाहिजे. कड कापून तशीच सोडू नका, आत दुमडून शिवा. पैंजण असतील तर घोट्यावरचं बक्कल बाहेरच्या बाजूला, पैंजणाच्या खाली बसेल असं घ्या.

अंगठ्याने दाबून मऊपणा ठरवणं

प्रदर्शनात बायका सँडल उचलतात, तळ अंगठ्याने दाबतात आणि ‘किती मऊ!’ म्हणतात. त्या कौतुकावर विसंबून मी एकदा एक अख्खा लॉट जाड, भुसभुशीत फोमचा केला. महिन्याभरात एका सरकारी इस्पितळातल्या सिस्टरने तो जोड परत आणला. टाचेखाली आणि अंगठ्याच्या मुळाशी फोम चपटा होऊन कागदासारखा झाला होता. आठ तास उभं राहणाऱ्या पायाला मऊ गादी पुरत नाही. दाबली गेल्यावर परत वर येणारा थर लागतो, वर पातळ मऊ आणि खाली जरा घट्ट.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे 2023 साली छापून आलेले आकडे पाहा: मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात, 26.4 टक्के. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली की चप्पल चावतेय हे बाईला कळतच नाही. रक्त दिसतं तेव्हा कळतं. अशा पायासाठी एमसीआर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊ रबराचा तळ, आतून एकही शिवण टोचणार नाही असं अस्तर, मागे टाचेचा पट्टा आणि पुढे सैल करता येणारं वेलक्रो लागतं. अंगठ्याची वादी इथे अजिबात नको. आणि एक विनंती: डॉक्टरांना न विचारता आपल्या मालावर ‘डायबेटिक’ हे लेबल चिकटवू नका. एखादी बाई त्या लेबलावर भरवसा ठेवून जखम अंगावर काढेल.

पाऊस हिशेबात न धरणं

गुळगुळीत पीव्हीसी सोल शोरूमच्या लादीवर छान दिसतो. जुलैत शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर तोच माणसाला पाडतो. नवीन सोल घेतला की मी वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर साबणाचं पाणी ओतते आणि स्वतः घालून चढते-उतरते. सोलचा खाच-नमुना पाणी बाहेर ढकलणारा असावा आणि रबर जरा नरम असावं.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या सोलची गोष्ट वेगळी. तो वापरून झिजण्याआधी कपाटात बसूनच मरतो. हवेतली ओल त्याची रचना तोडते. चवथीला घेतलेली, दोनदा घालून ठेवून दिलेली सँडल एखाद्या वर्षी बाहेर काढली की सोल शेवेसारखा भुगा होऊन पडतो. सणासुदीच्या मालाला म्हणून मी पीयू लावत नाही. आणि सोल नुसता पेस्टिंगने, म्हणजे चिकटवून, बसवण्यावर भरवसा ठेवू नका. कडेने शिवण घ्या.

तक्रार आली तर जुनी चप्पल मागा

‘दुखतं’ एवढंच सांगून बाई थांबते. पुढचं चप्पल सांगते. अंगठ्याचा ठसा पाटीच्या टोकापर्यंत गेला असेल, तर लांबी कमी. टाचेचा ठसा मागच्या काठाच्या पुढेच संपत असेल आणि बोटांच्या जागी खोल खड्डे असतील, तर चप्पल लांब आहे आणि बोटांनी धरून चाललंय. टाच मागे काठावर आली असेल, तर भेगा त्यामुळेच वाढतात. पाटी मागे 5 मिमी वाढवा. पट्टा करंगळीच्या बाजूने ताणून पांढरा पडला असेल, तर घेर कमी पडतोय.

बाजारात मासे विकणाऱ्या एका मावशींनी माझ्याकडून दोन जोड घेतले होते. एक दिवस येऊन म्हणाल्या, ‘बाय, चप्पल बरी गो, पण दुपारनंतर जीव घेते.’ मी जुना जोड मागितला. फक्त उजवा पट्टा ताणलेला होता, डावा अगदी नव्यासारखा. त्यांना उभं करून दोन्ही घेर घेतले, तर उजवा पाय 7 मिमीने भरला. काकांनी उजव्या पट्ट्याची शिवण उसवली, खाली तेवढा तुकडा जोडला आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसेल अशी पट्टी वरून फिरवली. तेव्हापासून वहीत मी प्रत्येक बाईच्या नावापुढे डावा आणि उजवा असे दोन रकाने आखते.