पांढऱ्या पडलेल्या अ‍ॅनिमोनला आधी खाऊ, मग उजेड

खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं समुद्रफूल, म्हणजेच अ‍ॅनिमोन, पांढरंफटक पडलं, तर ते मेलं असं समजू नका. त्याच्या अंगातलं शेवाळ निघून गेलंय, म्हणजे उजेडातून मिळणारं त्याचं रोजचं अन्नच बंद झालंय. म्हणून ते अन्न आता आपण हातानं द्यायचं. कोल्हापुरात कोकणातली ताजी कोळंबी मिळते. मीठ-हळद न लावलेली घ्या, सोलून वाटाण्याहून लहान तुकडे करा आणि चिमट्यानं अलगद शुंडकांवर, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांवर ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. तुकडा बाहेर टाकला तर पुढच्या वेळी अजून बारीक करा, आणि टाकलेला लगेच काढा, नाहीतर पाणी नासतं. क्लाउनफिश घास पळवतो. घास संपेपर्यंत त्या माशाला अडवा.

दिवा एकदम प्रखर करण्याचा मोह मात्र टाळाच. मंदच ठेवा, आठवड्या-आठवड्यानं थोडा वाढवा. पाणी २५-२६ अंश, क्षारतेचं माप (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास. एप्रिल-मेच्या उकाड्यात आपल्याकडे टाकी सहज तापते, तेव्हा पंखा लावा. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानंच घाला, नळाच्या नको.

शेवाळ परतून तपकिरी झाक यायला महिने लागतात. तोंड सतत उघडं, अंग विरघळतंय आणि घाण वास आला, तरच बाहेर काढा.