पीएलसीत व्हेरिएबलचा स्कोप कसा ठरवायचा

चाकण-भोसरीकडे पीएलसीवर (मशीन चालवणारा कंट्रोलर) नवीन लागलेली पोरं सगळे टॅग, म्हणजे व्हेरिएबल, ग्लोबल करून टाकतात, कारण कुठूनही दिसतात ना. पण मग 'मोटर_चालू' तीन ठिकाणी लिहिला जातो आणि स्कॅनमध्ये (प्रोग्रामच्या एका फेरीत) जो शेवटी लिहितो त्याचंच आउटपुटला पोचतं, बाकीचं वाया. म्हणून आधी ठरवा, हा टॅग कोणाकोणाला लागणारे? एकाच प्रोग्रामला लागत असेल तर लोकलच, म्हणजे त्या प्रोग्रामपुरताच ठेवा. एचएमआयला (ऑपरेटरच्या स्क्रीनला) किंवा दोन-तीन प्रोग्रामना लागत असेल तर ग्लोबल चालेल, पण लिहिणारा एकच हवा, वाचू देत कितीही जण.

आता खरी गोची. सीमेन्सच्या एफबीमध्ये (फंक्शन ब्लॉक, म्हणजे स्वतःची मेमरी असलेला कोडचा ब्लॉक) टेम्प आणि स्टॅटिक असे दोन भाग असतात. टेम्पमधली व्हॅल्यू पुढच्या स्कॅनला धरून ठेवली जात नाही, त्यामुळे काउंट किंवा एज डिटेक्शनची (सिग्नल बदलल्याचा क्षण पकडायची) मेमरी तिथे ठेवली की सिम्युलेशनमध्ये कधीकधी नीट चालल्यासारखं वाटतं आणि मशीनवर भलतंच होतं, ते स्टॅटिकमध्येच पाहिजे. एफसीला (साध्या फंक्शनला) स्वतःची टिकणारी मेमरी नसतेच. आणि दोन पंपांना एकच इन्स्टन्स डीबी (एफबीचा डेटा जिथे राहतो तो ब्लॉक) देऊ नका हं, एकाचा टायमर दुसरा बिघडवतो.

कोडेसिसमध्ये (पीएलसी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) लोकल आणि ग्लोबलचं नाव सेम असेल तर लोकल जिंकतो, एरर येत नाही, आणि तुम्ही ऑनलाइन ग्लोबलकडे बघत बसता, तो हलतच नाही. त्यामुळे ग्लोबलला 'जी_' लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि टॅग अडकला की आधी क्रॉस रेफरन्स (टॅग कुठे कुठे वापरलाय त्याची यादी) उघडून कोण कोण लिहितंय ते बघा.