हुबेहूब मानवाकृती: मापापासून भुवईपर्यंत

सांगलीतील एका कुटुंबाने दिवंगत वडिलांचा सिलिकॉनचा पुतळा घरात बसवला, ही बातमी २०२१ मध्ये बरीच गाजली. शाडूत हात बसलेल्या ज्यांना तसे काम करावेसे वाटते, त्यांनी आधी हुबेहूब मानवाकृती घडवणारे शिल्पकार रॉन म्यूक यांची वाटचाल पाहावी. १९५८ साली मेलबर्नमध्ये जन्मलेले म्यूक अनेक वर्षे दूरचित्रवाणी आणि चित्रपटांसाठी बाहुल्या व प्रतिकृती घडवत होते. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत रंगभूषेपासून सुरुवात करणाऱ्याला त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

पहिला निर्णय मापाचा. १९९७ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलेला म्यूक यांच्या मृत वडिलांचा पुतळा जेमतेम १०२ सेंटिमीटर लांब होता, तर १९९९ मधला उकिडवा बसलेला मुलगा जवळजवळ ५ मीटर उंच आहे. माणसाएवढे माप ते मुद्दाम टाळतात, आणि माझ्या मते नवशिक्यानेही टाळावे. स्मृतिशिल्पाचे काम असेल, तर मात्र माप आणि कोणत्या वयातील चेहरा हवा, हे घरच्यांकडून लेखी घ्यावे. पत्नी आणि मुलगी बहुधा वेगवेगळी छायाचित्रे पुढे करतात.

मूळ आकृती मातीत घडवताना समोर माणूस बसवावा, कारण बाकावर टेकलेली मांडी कशी पसरते, हे छायाचित्रात नीट कळत नाही. साच्यासाठी किंवा ओतकामासाठी प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन (दोन भाग मिसळल्यावर प्लॅटिनममुळे घट्ट होणारे) वापरणार असाल, तर गंधक असलेली तेलमाती आणि लॅटेक्सचे हातमोजे दूर ठेवावेत. त्यांच्या स्पर्शाने सिलिकॉन घट्ट न होता चिकट राहते आणि सगळे श्रम वाया जातात. म्हणून आधी मातीच्या तुकड्यावर थेंबभर ओतून पाहावे. उष्णतेने हे मिश्रण लवकर आवळते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत काम पहाटे, थोडे थोडे मिश्रण करून उरकावे.

त्वचेचा मूळ रंग सिलिकॉनमध्येच मिसळावा आणि शिरा, डाग वगैरे वरचे पातळ थर सिलिकॉनवर आधारित रंगांनीच द्यावेत, कारण ॲक्रिलिक सोलून निघते.

केस शेवटी, सुईने एकेक रोवायचे. खरी परीक्षा भुवईची. नाकाजवळ केस वर वळतात, पुढे आडवे होतात आणि टोकाशी विरळ होत जातात. दोन्ही भुवया कधीही सारख्या करू नयेत.