उन्हाळ्याच्या सुट्टीत पोराला काम शोधून देताना

दहावीचा पेपर सुटला की गावात पोरं पारावर बसतात. काम शोधायचं तर तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात आधी विचारा. निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर यासाठी तिथे झुंबड उडते आणि मराठी टायपिंग येणारं पोरगं दुकानदाराला हवंच असतं. म्हणून एप्रिलमध्येच टायपिंगचा सराव करून घ्या. विचारायला मात्र त्यालाच पुढे करा, तुम्ही मागे उभे राहा. बापानेच सगळं बोललं तर दुकानदार पोराला ओळखतच नाही.

चौदाच्या आतलं असेल तर बाहेर कामाला लावू नका, कायद्याने बंदी आहे. चौदा ते अठरा वयात दुकानातलं काम चालतं, पण विश्रांती धरून दिवसाला सहा तासच, आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 मध्ये नाही. म्हणजे लग्नातलं रात्रीचं वाढपी काम बाद. रोजी कितीही चांगली असो, फवारणीला तर पाठवूच नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण पाहिलंय.

मे महिन्यात काम सकाळचं ठरवा. रोज किती, आठवड्याला देणार की महिन्याला, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या (ओळखीतल्या माणसाकडे तर हमखास, तिथेच पैसे अडकतात). पोराचं बँकेत खातं असेल तर मजुरी त्यातच जमा करायला सांगा.