देलाक्रुआचं मिसोलाँगी: रसग्रहणाआधी हात मोजा

परीक्षेत रोमँटिसिझम (भावनेला महत्त्व देणारी कलाचळवळ) आणि स्वातंत्र्ययुद्ध असा प्रश्न आला की बरेच जण झेंडा घेऊन बॅरिकेडवर चढणाऱ्या बाईचं चित्र लिहून मोकळे होतात. ते चित्र 1830 चं, पॅरिसमधलं. तिथे फ्रेंच लोक परक्या सत्तेशी नाही, आपल्याच राजाशी लढतायत. या प्रश्नाला ते काढणाऱ्याच फ्रेंच चित्रकाराचं, देलाक्रुआचं, चार वर्षं आधीचं चित्र घ्यावं: ‘मिसोलाँगीच्या अवशेषांवर ग्रीस’. ते फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या ललितकला संग्रहालयात आहे. ग्रीस देश इथे एका बाईच्या रूपात उभा आहे.

घटना दोन ओळींत बसते. मिसोलाँगी हे पश्चिम ग्रीसमधलं खाजणाकाठचं गाव. ऑटोमन (तुर्की) साम्राज्याविरुद्ध ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना एप्रिल 1825 मध्ये ऑटोमन फौजेने वेढा घातला, पुढे इजिप्तची फौजही येऊन मिळाली. वर्षभराने दाणागोटा संपला तेव्हा आतल्या लोकांनी रात्री वेढा फोडायचा प्रयत्न केला. त्यातले फार थोडे वाचले. तारीख कुठे 10 एप्रिल 1826 दिसेल, कुठे 22 एप्रिल. पहिली जुन्या ज्युलियन पंचांगाची, दुसरी आजच्या; फरक 12 दिवसांचा. एकच लिहा आणि कोणत्या पंचांगाची ते सांगा. इंग्रज कवी बायरन याच गावात वारला, पण 1824 मध्ये, तापाने. त्याचा मृत्यू या चित्रात घुसवू नका.

लिहिण्याआधी एक रेखाटन कराच. मूळ कॅनव्हास सुमारे 208 × 147 सेंमी. पाचपट लहान केलं की 41.6 × 29.4, म्हणजे ए-थ्री कागदात जेमतेम मावतं. उभे चार, आडवे चार भाग पाडा. प्रत्येक घर 10.4 × 7.35 सेंमीचं होईल. घर चौरस नसलं तरी चालतं, फक्त छापील प्रतीवरही तशीच 16 घरं हवीत. प्रतीची कड कापलेली असेल तर सगळं प्रमाण बिघडतं, ते आधी मोजून बघा.

2बी पेन्सिलीने बाह्यरेषा, मग कोळशाने तीनच छटा. सगळ्यात उजळ जागा त्या बाईच्या छातीची आणि पांढऱ्या पोशाखाची. घोटाळा होतो तो मागच्या अंधारात. पार्श्वभूमी एकसारखी काळी केली की उजवीकडे मागे निशाण घेऊन उभा असलेला शत्रूचा फेटेवाला सैनिक गडप होतो. झेरॉक्समध्ये तर तो नसतोच. त्याच्यासाठी पार्श्वभूमी एक छटा हलकी ठेवा, नाहीतर कोळसा बसल्यावर पुटी रबराने (मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने) त्याला उचलून काढा.

आता हात मोजा. तिचे दोन उघडे, रिकामे, तळवे आपल्याकडे. खाली दगडांतून बाहेर आलेला मेलेल्या माणसाचा एक. मागे निशाण धरलेला सैनिकाचा. रसग्रहणाचा कणा इथेच सापडतो. ‘दुःखी चेहरा’ यावर परिच्छेद खर्ची घालू नका. निळा झगा आणि उघडे हात यांमुळे ती शोक करणाऱ्या मेरीसारखी (येशूच्या आईसारखी) दिसते, पण कपडे ग्रीक आहेत, म्हणून ती देशही होते आणि त्या गावातली बाईही. ही दुहेरी ओळख सांगितली नाही तर उत्तर नुसतं वर्णन राहतं.

तुलनेला देलाक्रुआचंच 1824 चं ‘कीऑसची कत्तल’ घ्या; कीऑस हे ग्रीक बेट. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला हा कॅनव्हास सुमारे 419 × 354 सेंमी, माणसांनी खच्चून भरलेला. मिसोलाँगीच्या चित्रात जिवंत माणसं दोनच.