सुपरमोटोकडे वळताना

दहा वर्षे चार सिलिंडरची, टाकीवर वाकून चालवायची स्पोर्ट्स गाडी वापरल्यानंतर मी सुपरमोटो, म्हणजे मातीच्या शर्यतीच्या हलक्या गाडीला डांबरी रस्त्याचे रुंद टायर लावलेली गाडी, घेतली. कारण साधे होते. त्या गाडीची खरी गंमत ज्या वेगाला सुरू होत असे, तो वेग सार्वजनिक रस्त्यावर गाठणे योग्यही नव्हते आणि कायद्याला धरूनही नव्हते. सुपरमोटोची गंमत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० ते ८० किलोमीटरच्या आसपास आणि लहान लहान वळणांवर असते. परंतु गाडी बदलली म्हणून चालवण्याची पद्धत आपोआप बदलत नाही. जुन्या सवयी घेऊन या गाडीवर बसणाऱ्याला ती उंच, चंचल आणि अस्थिर वाटते, आणि दोष गाडीचा आहे असे समजून तो महिनाभरात ती विकायला काढतो. म्हणून येथे गाडी निवडण्याबद्दल आवश्यक तेवढे आणि ती चालवण्याबद्दल सविस्तर लिहिले आहे.

या प्रकाराचा उगम अमेरिकेतला. १९७९ साली कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे गॅव्हिन ट्रिप यांच्या कल्पनेतून, दूरचित्रवाणीसाठी ‘सुपरबायकर्स’ नावाची शर्यत भरवण्यात आली. डांबरी ट्रॅकवरचे, मोटोक्रॉसचे (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरच्या शर्यतीचे) आणि मातीच्या गोल ट्रॅकवरचे नामांकित चालक एकाच मैदानात उतरवून त्यांच्यात अष्टपैलू कोण आहे हे पाहावे, असा त्यामागचा हेतू होता. ट्रॅकचा काही भाग डांबरी आणि काही मातीचा असल्यामुळे मोटोक्रॉसच्या हलक्या गाडीला डांबरावर चांगली पकड घेणारे रुंद टायर लावण्याची रीत पडली. पुढे अमेरिकेत ही शर्यत बंद पडली, पण युरोपने, विशेषतः फ्रान्स आणि इटलीने, हा प्रकार उचलून धरला आणि २००२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागली. उंच सीट, लांब सस्पेन्शन, रुंद हँडल आणि हलके वजन हे आजच्या सुपरमोटोचे सगळे गुण त्या मातीतून आलेले आहेत, हे लक्षात ठेवले की तिचे वागणे समजायला सोपे जाते.

गाडीची निवड

रस्त्यासाठी तयार सुपरमोटो म्हणून कारखान्यातून निघालेली गाडी घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. सुझुकीची डीआर-झेड ४०० एसएम ही २००५ साली आलेली, ३९८ सीसीची गाडी याचे जुने आणि भरवशाचे उदाहरण आहे. पेट्रोलसह तिचे वजन १५० किलोच्या आत आहे, सीटची उंची ८९० मिलिमीटर आहे आणि टाकी केवळ १० लिटरची आहे. केटीएमची ६९० एसएमसी आर किंवा डुकाटीची ६५९ सीसीची हायपरमोटार्ड ६९८ मोनो या ७० अश्वशक्तीच्या वरच्या गाड्या आहेत. त्या अप्रतिम आहेत, परंतु पहिली सुपरमोटो म्हणून मी त्या सुचवणार नाही. साधारण ४० अश्वशक्तीची गाडी ॲक्सिलरेटर पुरता पिळून चालवता येते, आणि या प्रकारात शिकायचे ते नेमके तेच आहे.

४५० सीसीच्या मोटोक्रॉस गाडीवर बेतलेली शर्यतीची सुपरमोटो मात्र रोजच्या रस्त्यासाठी घेऊ नये. तिची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तर इंजिन चाललेल्या तासांवर ठरते. काही तासांनी ऑइल बदलायचे आणि ठरावीक तासांनी पिस्टन बदलायचा, हे वेळापत्रक रोज कामावर जाणाऱ्या माणसाला झेपणारे नाही.

जुनी गाडी घेताना एक तपासणी आवर्जून करावी. या गाड्यांवर पुढचे चाक उचलण्याचे प्रकार फार होतात आणि दर वेळी ते चाक आपटले की मार हँडलच्या बेअरिंगला बसतो. पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच फिरवावे. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर त्या गाडीचा पूर्वेतिहास तुम्हाला कळला असे समजावे.

उंचीची धास्ती मात्र बाळगू नये. सीट अरुंद असते आणि तुम्ही बसताच सस्पेन्शन बरेच दबते. दोन्ही पाय सपाट टेकले नाहीत तरी चालते. सिग्नलला सीटवरून किंचित एका बाजूला सरकून एकच पाय पूर्ण टेकवण्याची सवय आठवड्याभरात लागते.

दुहेरी वापराच्या गाडीला १७ इंची चाके लावताना

कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी गाडी आधीच दाराशी असेल, तर तिची चाके बदलून सुपरमोटो करता येते. हे काम दिसते तितके सोपे नाही, कारण चाक बदलले की गाडीची भूमितीच बदलते. थोडा हिशेब मांडून पाहावा. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिलिमीटर), दुसरा रुंदीच्या टक्क्यांत उंचीचा आणि तिसरा रिमच्या व्यासाचा (इंच) असतो. पुढच्या ९०/९०-२१ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६९५ मिलिमीटर असतो आणि त्याच्या जागी येणाऱ्या १२०/७०-१७ टायरचा सुमारे ६०० मिलिमीटर. म्हणजे गाडीचे तोंड या फरकाच्या निम्म्याने, जवळजवळ ४८ मिलिमीटरने खाली येते. मागे १२०/८०-१८ च्या जागी १५०/६०-१७ टायर लावला तर मागची बाजू जेमतेम १९ मिलिमीटरने उतरते. गाडी पुढे झुकते, फोर्क (पुढचे चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन दांडे) अधिक उभा होतो आणि हँडल चपळ होते. लहान वळणांवर ही चपळता हवीहवीशी वाटते, पण वेगात तीच गाडी अस्वस्थ वाटू लागते. त्यामुळे बदल केल्यावर मागच्या स्प्रिंगचा ताण तपासून घ्यावा आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवत गाडीची ओळख करून घ्यावी.

याच आकड्यांमुळे इतर गोष्टीही बदलतात. वेगदर्शक पुढच्या चाकावरून चालत असेल तर तो सुमारे १६ टक्के जास्त वेग दाखवतो, म्हणजे गाडी ६० ने जात असताना काटा ७० च्या जवळ जातो, आणि किलोमीटरही तितकेच फुगतात. मागचे चाक सुमारे ६ टक्क्यांनी लहान झाल्याने प्रत्येक गिअर लवकर संपतो. पुढच्या स्प्रॉकेटला (साखळीच्या दातेरी चाकाला) १४ ऐवजी १५ दात घेतले की ही तूट जवळपास भरून निघते. पुढच्या ब्रेकची डिस्क मोठी, शक्यतो ३२० मिलिमीटरची घ्यावी आणि कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग) सरकवण्यासाठी त्याच मापाचे ब्रॅकेट वापरावे. मातीसाठी बनवलेल्या मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) झटके शोषणारे रबर पुष्कळदा नसते. मातीत चाक थोडे घसरून तो झटका निघून जातो, पण डांबरावर तो थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. म्हणून रबर असलेला हबच निवडावा.

साइड स्टँडचा विचार मला कोणी सांगितला नव्हता. गाडी खाली आल्यामुळे जुना स्टँड तिला लांब पडू लागला आणि ती जवळजवळ सरळ उभी राहू लागली. पहिल्याच संध्याकाळी शेजारून कोणाचा तरी धक्का लागला आणि ती स्टँडच्या विरुद्ध बाजूला कोसळून ब्रेकचा लिव्हर मुळापासून तुटला. स्टँड कापून आखूड करून घेणे हे चाके बसवण्याच्या दिवशीच करायचे काम आहे. बदललेल्या चाकांना आणि ब्रेकला आपल्या येथील वाहन नियम मुभा देतात का आणि विम्यात तशी नोंद करावी लागते का, हेही खर्च करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

बसण्याची आणि वळण्याची पद्धत

आता मुख्य विषय. सुपरमोटोवर पुढे बसावे, इतके पुढे की टाकी जवळजवळ पोटाला टेकेल. कोपर बाहेर आणि किंचित वर ठेवावेत, पाठ सैल असावी आणि ब्रेक व क्लचच्या लिव्हरवर दोनच बोटे असावीत. स्पोर्ट्स गाडीवरून आलेला माणूस नकळत मागे सरकतो, त्यामुळे आधीच हलके असलेले पुढचे चाक अधिक हलके होते आणि वळणात गाडी बाहेर जाऊ लागते. पहिले काही दिवस प्रत्येक सिग्नलला मुद्दाम पुढे सरकून बसावे.

सर्वांत मोठा फरक झुकण्यात आहे. स्पोर्ट्स गाडीवर चालक वळणाच्या आत लटकतो आणि गाडी त्यामानाने उभी राहते. सुपरमोटोवर याच्या उलट करायचे असते. चालकाने सरळ राहायचे आणि गाडीला स्वतःखाली आडवे करायचे. आतल्या बाजूचे हँडल आतल्या हाताने खाली आणि पुढे दाबावे, बाहेरचा कोपर उंच ठेवावा, सीटच्या बाहेरच्या कडेवर बसावे आणि बाहेरच्या फुटरेस्टवर वजन टाकावे. हे जमले की गाडी सायकलसारखी पटकन पडते आणि पटकन उठते. शिवाय डोके उंच राहिल्यामुळे वळणापलीकडचा रस्ता लवकर दिसतो. या पद्धतीची किंमतही आहे. त्याच वेगाला आणि त्याच वळणाला गाडी अधिक झुकलेली असते, म्हणून झुकायला उरलेली टायरची कडा लवकर संपते. रस्ता ओला किंवा रेताड असेल तर झुकणेच कमी ठेवावे आणि लांब, वेगवान वळणावर शरीर गाडीच्या रेषेतच ठेवावे.

शर्यतीतले चालक वळताना आतला पाय पुढे काढतात, ते पाहून तसे करण्याचा मोह होतो. मातीत घसरणाऱ्या गाडीचा तोल सावरायला आणि वजन पुढे न्यायला त्याचा उपयोग होतो. सार्वजनिक रस्त्यावर दुभाजकाची कड, खड्डा किंवा गटाराच्या झाकणाची कडा त्या पायाला अडवते आणि घोटा किंवा गुडघा पिळवटून निघतो. रस्त्यावर दोन्ही पाय फुटरेस्टवरच असावेत, याबाबत माझे मत ठाम आहे. मागचे चाक घसरवत वळणात शिरण्याची कला गोकार्ट ट्रॅकवरच शिकावी.

ब्रेक लावण्याची सवय नव्याने लावावी लागते. लांब सस्पेन्शनमुळे ब्रेक एकदम दाबला की गाडी पुढून बुडते, चालक टाकीवर फेकला जातो आणि मागचे चाक हलके होते. लिव्हर दोन टप्प्यांत दाबावा. पहिला दाब इतकाच असावा की फोर्क खाली बसू लागेल. तो बसल्याचे मनगटांना जाणवते, त्या क्षणी गाडीची घाई थांबल्यासारखी वाटते. त्यानंतर हवा तेवढा जोर द्यावा. दोन्ही दाबांत अर्ध्या सेकंदाचेही अंतर नसते. ब्रेक सोडतानाही तो हळूहळू सोडावा, कारण एकदम सोडला तर फोर्क उसळून वर येतो आणि ऐन वळणाच्या तोंडाशी गाडीचा ठरलेला मार्ग बिघडतो.

एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. ॲक्सिलरेटर सोडताच ते जोरात अडवते, आणि दोन गिअर घाईने उतरवून क्लच सोडला तर मागचे चाक उड्या मारू लागते. क्लच सावकाश सोडावा आणि गिअर उतरवताना ॲक्सिलरेटरला हलकी उचल द्यावी. फार हळू फिरत असताना तेच इंजिन धक्के देते. तेव्हा गिअर उतरवावा किंवा क्लच थोडा दाबून धरावा. वळणातून बाहेर पडताना गाडी बऱ्यापैकी सरळ झाल्यावरच ॲक्सिलरेटर पिळावा आणि छाती पुढे ठेवावी, म्हणजे पुढचे चाक जमीन सोडणार नाही.

सरावासाठी परवानगी घेऊन एखादे मोकळे, पक्के मैदान वापरावे. दोन खुणा सुमारे आठ मीटर अंतरावर ठेवून इंग्रजी आठच्या आकाराच्या फेऱ्या माराव्यात आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता पुढच्या खुणेवर ठेवावी. एका वेळी पंधरा मिनिटे पुरतात, कारण त्यानंतर हात थकतात आणि चुकीच्या सवयी लागतात. ज्या बाजूला वळणे अवघड जाते तिकडच्या फेऱ्या दुप्पट कराव्यात. वेग कमी असला तरी हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांचे संरक्षक आणि घोटा झाकणारे बूट यांत सवलत घेऊ नये, कारण पडण्याची शक्यता सर्वाधिक असते ती शिकण्याच्या याच दिवसांत.

रोजच्या वापरात

या गाडीकडून लांबच्या प्रवासाची अपेक्षा ठेवू नये. १०० च्या पुढे वारा थेट छातीवर येतो, अरुंद सीट तासाभरात बोचू लागते आणि लहान टाकीमुळे पंपाचा विचार वारंवार करावा लागतो. गावात, घाटात आणि तुटक्या डांबरावर मात्र हीच गाडी इतर सगळ्यांना मागे टाकते, कारण ज्या खड्ड्यापाशी स्पोर्ट्स गाडीवाला श्वास रोखतो तो खड्डा तिला जाणवतही नाही.

टायरमधली हवा गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तीच ठेवावी आणि ती टायर थंड असताना मोजावी. जड गाडीवरचे जुने आकडे येथे लावले तर टायर कडक होतो आणि गरम होत नाही. निघाल्यानंतरची पहिली काही वळणे शांतपणेच घ्यावीत. तारांच्या चाकांसाठी दर पंधरवड्याला एक छोटी तपासणी पुरेशी आहे. चाक उचलून हळू फिरवावे आणि प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारत जावी. घट्ट तारा खणखणीत वाजतात आणि सैल तार बद्द वाजते. अशी एखादीच तार असेल तर ती थोडी आवळावी. तीन-चार शेजारशेजारच्या तारा सैल निघाल्या तर चाक उतरवून जाणकाराकडून सरळ करून घ्यावे आणि तोवर गाडी चालवू नये.