जुन्या बाजारातला पाळणा

पुण्याच्या जुन्या बाजारात सागवानी पाळणा मिळाला. घासाघीस करून १,४०० रुपयांत. घरी आणल्यावर बोट फिरवलं तर हिरव्या रंगाचे पोपडे निघाले, आणि पोटात धस्स झालं.

घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. हा पाळणा त्याहून कितीतरी जुना. बाळ कठडे चोखणार, आणि शिसं मेंदूच्या वाढीलाच धक्का लावतं. कोरडा पॉलिश पेपर मारला तर तीच धूळ घरभर होणार. म्हणून बायको माहेरी गेलेली असताना पाळणा गच्चीवर नेला, मास्क लावला आणि वॉटर पेपर सतत ओला ठेवून घासला. तीन रविवार गेले. चिखलासारखा निघालेला रंग ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधला, कपडे वेगळे धुतले. नवा रंग दिलाच नाही. उघडं सागवान फार देखणं दिसतं!

दोन गजांमधलं अंतर ९ सेंटीमीटर होतं. सहापेक्षा जास्त नको. सुताराने मध्ये जादा गज बसवले, ५०० रुपये.

आईने आजीच्या दोन नऊवारींची गोधडी शिवली, बारीक धावदोऱ्याची. ती जमिनीवर अंथरायला. पाळण्यात फक्त घट्ट गादी. उरलेल्या काठांच्या चिमण्या करून चिमणाळं बांधलं, बाळाचा हात पोचणार नाही इतकं उंच. लेक बसायला लागली की ते काढायचं.

काल लेक त्यात पहिल्यांदा झोपली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.